वर्णपटदर्शकाची कुळकथा

प्रकाशाचे पृथक्करण करून पदार्थाची ओळख पटविणारे वर्णपटदर्शक हे उपकरण प्रयोगशाळेच्या कुलूपबंद कपाटात ठेवावयाचे, त्याची खरेदी संपन्न संस्थांनी करावयाची आणि त्याचा वापर निष्णातांनीच करावयाचा, अशी समजूत आपल्याकडे दोन-तीन पिढ्या इतकी दृढ होऊन बसली आहे, की पुठ्ठ्याची एक पेटी, दाढीची दोन पाती, टाकून दिलेल्या डीव्हीडीचा एक तुकडा आणि तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा एकाच फलकावरचा संगणक एवढ्या सामग्रीवर कोणी असे उपकरण घरी सिद्ध केले, म्हणजे पाहणाऱ्याला ती नव्या युगाची करामत वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. या उपकरणाचा जन्मच सुट्या भागांच्या जुळवाजुळवीतून झाला, त्याच्या साहाय्याने लागलेल्या काही थोर शोधांमागे अगदी साधी सामग्री होती, आणि ज्या महागाईला आज आपण त्याचा स्वभावधर्म समजतो ती त्याच्या आयुष्यात पुष्कळ उशिरा आली. ही कुळकथा सांगण्याचे प्रयोजन असे, की तिच्यातील काही महत्त्वाची प्रकरणे आपल्या मुलखात घडली आहेत आणि आपल्या तरुण विद्यार्थ्यांना त्यांची खबर क्वचितच असते.

१६६६ च्या सुमारास न्यूटनने लोलकातून सूर्यकिरण नेऊन त्यातील रंग भिंतीवर पाडले, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. परंतु किरण आत घेण्यासाठी त्याने खिडकीच्या झडपेला वाटोळे भोक पाडले होते, आणि वाटोळ्या भोकाची प्रत्येक रंगातील प्रतिमा शेजारच्या प्रतिमेवर चढत असल्यामुळे त्या रंगपटात दडलेला सूक्ष्म तपशील त्याच्या दृष्टीस पडला नाही. १८०२ साली वुलस्टनने भोकाऐवजी अरुंद फट वापरली, आणि सूर्याच्या वर्णपटात काही काळ्या रेषा त्याला दिसल्या. मात्र त्या निरनिराळ्या रंगांच्या सरहद्दी असाव्यात असे समजून त्याने तो विषय तेथेच सोडला. त्या रेषांचे खरे मोल ओळखले ते बव्हेरियातील योझेफ फ्राउनहोफर या भिंगे घडविणाऱ्या कारागिराने. दुर्बिणीच्या काचेचा वक्रीभवनांक अचूक मोजावा तर वर्णपटात स्थिर खुणा हव्यात, या धंद्याच्या निकडीपोटी त्याने फट, लोलक आणि कोन मोजण्याची दुर्बीण यांची सांगड घातली आणि १८१४ च्या सुमारास सूर्यप्रकाशातील ५७४ काळ्या रेषांची मोजदाद केली. ठळक रेषांना त्याने दिलेली अक्षरे आजही चालतात. पुढे लोलकाच्या जागी समांतर तारा ताणून केलेली जाळी त्याने योजिली आणि तरंगलांबी प्रत्यक्ष मोजण्याची वाट मोकळी केली. तसलीच जाळी अमेरिकेतील फिलाडेल्फियात रिटनहाऊसने १७८५ साली बारीक मळसूत्रांच्या आट्यांत केस ताणून तयार केली होती. काच घडविणारा एक कारागीर आणि केस ताणणारा एक घड्याळजी, हे या उपकरणाचे मूळ पुरुष होत.

परंतु पदार्थ ओळखण्याचे हत्यार म्हणून वर्णपटदर्शक खऱ्या अर्थाने अवतरला तो १८५९-६० मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्ग येथे. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बन्सन आणि पदार्थविज्ञानी गुस्टाफ किरखॉफ यांनी तेथे जे यंत्र उभे केले त्याचे त्यांनीच केलेले वर्णन उपलब्ध आहे, आणि ते वाचताना त्याच्या साधेपणाने मन थक्क होते. आतून काळी केलेली, समलंब चौकोनाच्या आकाराच्या तळाची एक पेटी. तिच्या तिरप्या बाजूंना बसविलेल्या दोन लहान दुर्बिणी, त्यांपैकी एकीचे नेत्रभिंग काढून तेथे फट ठेवलेली. मध्ये कार्बन डायसल्फाइड या द्रवाने भरलेला पोकळ लोलक. आणि फटीसमोर बन्सनच्या नावाने पुढे जगभर गेलेला, स्वतःचा रंग नसलेल्या ज्योतीचा दिवा. एवढ्यावर सारा कारभार. या यंत्राची संवेदनक्षमता अजमाविण्यासाठी त्यांनी सुमारे ६० घनमीटरांच्या दालनात, उपकरणापासून शक्य तितक्या दूरच्या कोपऱ्यात, ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेबरोबर जाळले. काही मिनिटांनी दिव्याची ज्योत पिवळी होऊ लागली आणि फटीतून सोडियमची पिवळी रेषा लखलखीत दिसली. मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या अंशाहूनही कमी सोडियम या पेटीच्या नजरेतून सुटत नाही, असा हिशेब त्यांनी मांडला. त्या काळच्या कोणत्याही तराजूला हे साधले नसते. याच पद्धतीने ड्युर्कहाइमच्या खनिजजलात त्यांना सीझियम हे नवे मूलद्रव्य सापडले, पाठोपाठ रुबिडियम सापडले, आणि किरखॉफने फ्राउनहोफरच्या काळ्या रेषांचा उलगडा केला: सूर्याच्या बाह्य आवरणातील वायू आपापल्या रंगाचा प्रकाश शोषून घेतात, आणि त्यामुळे ज्या रेषा ज्योतीत उजळ दिसतात त्याच सूर्यात काळ्या दिसतात.

या शोधाला दहा वर्षे होतात न होतात तोच वर्णपटदर्शक हिंदुस्थानात येऊन दाखल झाला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी सूर्याचे खग्रास ग्रहण होते, आणि त्याचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यापासून विजापूरवरून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेला होता. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक टिकणार असल्याने युरोपातून आणि हिंदुस्थान सरकारच्या तैनातीतून निरीक्षकांच्या टोळ्या निघाल्या: फ्रान्सचे जान्सेन आणि मेजर टेनंट गुंटूरला, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. पावसाळ्याचे दिवस, ढगांची धास्ती, आणि वर्णपटदर्शकातून खग्रास ग्रहण पाहण्याचा जगातील हा पहिलाच मोठा प्रसंग! सूर्यबिंब झाकले जाताच त्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाला उजळ रेषांनी झगमगल्या, आणि त्या तप्त वायूच्या आहेत हे निर्विवाद ठरले. जान्सेनला त्या रेषा इतक्या तेजस्वी वाटल्या, की ग्रहणावाचूनही त्या दिसल्या पाहिजेत असा तर्क करून त्याने दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्या पाहिल्या. तिकडे इंग्लंडात नॉर्मन लॉकियर याने २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांचे वृत्तान्त पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी आले, आणि पुढे दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक फ्रान्सने पाडविले. या रेषांपैकी एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेच्या जवळ असूनही तिच्याशी जुळत नव्हती. तिचा धनी कोणी अज्ञात वायू असावा असे लॉकियरने अनुमान केले, त्याला हेलियम हे नाव मिळाले, आणि १८९५ साली रॅमसेने तो वायू पृथ्वीवरील खनिजात पकडला.

येथे एका लोकसमजुतीची रुजुवात करणे अगत्याचे आहे. हेलियमचा शोध लॉकियरने विजयदुर्गाच्या तटावरून १८६८ च्या ग्रहणात लावला, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते, आणि किल्ल्यातील ‘साहेबाचे ओटे’ त्याची साक्ष म्हणून दाखविले जातात. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होता. तो विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि तेथे मेल्पोमिनी या युद्धनौकेवरील खलाशांना तालीम देऊन त्याने निरीक्षणाचा मोठा बंदोबस्त केला. तीस वर्षांचा हा घोळ दूर केल्याने विजयदुर्गाचे महत्त्व कमी होत नाही. उलट, १८९८ चे ग्रहण महाराष्ट्राच्या इतिहासात किती मोलाचे होते हे त्यामुळे अधिक स्पष्ट दिसू लागते. कारण त्या दिवशी छायेचा पट्टा विजयदुर्गावर कोकणात शिरून, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, वऱ्हाडातील तळणी आणि वर्ध्याजवळचे पुलगाव असा ईशान्येकडे गेला, आणि या प्रत्येक ठिकाणी वर्णपटाची छायाचित्रे घेणारे निरीक्षक मुक्काम ठोकून बसले होते.

जेऊरच्या छावणीचे नायकत्व एका एतद्देशीय प्राध्यापकाकडे होते. कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान व रसायन शिकून तेथेच अध्यापक झाले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तितक्याच रकमेस मंजुरी दिली, आणि नायगमवाला स्वतः विलायतेस जाऊन, लॉकियरसारख्यांचा सल्ला घेऊन उपकरणे पसंत करून आले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, त्यांची बदली झाल्यामुळे वेधशाळाही पुण्यास उभी राहिली. १८८८ साली ती पुरी झाली आणि महाराजांचे नाव तिला देण्यात आले. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली तिची परावर्तक दुर्बीण त्या वेळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. येथूनच १८९१ मध्ये नायगमवालांनी मृगातील तेजोमेघाची मुख्य हिरवी रेषा पाहिली आणि ती प्रत्येक परिस्थितीत रेखीव दिसते असे नोंदविले. हे विधान वरकरणी लहान दिसते; पण ती रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड असून तिला एका बाजूस अस्पष्टता असली पाहिजे, असे लॉकियरचे प्रतिपादन होते, आणि ज्याच्या मार्गदर्शनाने उपकरणे निवडली त्याच ज्येष्ठाच्या सिद्धान्ताविरुद्ध पुण्याच्या या प्राध्यापकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले निःसंकोचपणे मांडले. लॉकियरचा तो सिद्धान्त पुढे टिकला नाही. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, असे १९२७ साली बोवेनने सिद्ध केले. जेऊरला कॉलेजातील माणसांना हाताशी धरून नायगमवालांनी दोनएक मिनिटांच्या खग्रासात सूर्यावरणाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची सामग्री कोडाईकनालला रवाना झाली. इतक्या कष्टाने उभारलेले काम एका माणसाच्या निवृत्तीबरोबर मोडावे, ही पुण्याच्या शास्त्रीय जीवनाची मोठी हानी होय, आणि तिची खंत आजही वाटल्यावाचून राहत नाही.

तळणीच्या मुक्कामी ब्रिटिश हौशी निरीक्षकांची तुकडी उतरली होती आणि तिच्यात जॉन एव्हरशेड होता. तो तेव्हा कोणत्याही वेधशाळेचा पगारी नोकर नव्हता. उपजीविका निराळी सांभाळून तो घरच्या वेधशाळेत सूर्याचा अभ्यास करीत असे, आणि एकाच रंगात सूर्यबिंब टिपणारे यंत्रही त्याने स्वतः बांधले होते. वऱ्हाडातील त्या लहानशा स्टेशनाजवळ त्याने घेतलेल्या चित्रांत सूर्याच्या कडेवरील क्षणभर चमकणारा वर्णपट जंबुपार प्रदेशापर्यंत उमटला. पुढे १९०७ साली हाच हौशी माणूस कोडाईकनालला रुजू झाला, आणि सूर्यडागांतील वायुप्रवाहाचा त्याचा शोध त्याच्याच नावाने ओळखला जातो. कलकत्त्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन यांनी ज्या प्रकाशपरिणामाचे दर्शन घेतले, त्यासाठीही पाऱ्याचा दिवा, रंगीत गाळण्या आणि हातात धरावयाचा लहानसा वर्णपटदर्शक एवढेच पुरले, पाऱ्याची ४३५.८ नॅनोमीटरची निळी रेषा द्रवावर टाकली असता शेजारी मूळ प्रकाशात नसलेल्या रेषा उगवल्या, आणि त्या निरीक्षणाने हिंदुस्थानात नोबेल पारितोषिक आणले.

मग हे उपकरण सामान्यांच्या हातून सुटले कसे? त्याला सबळ कारण होते. १८८२ पासून अमेरिकेत रोलंडने हिऱ्याच्या टोकाने धातूच्या आरशावर इंचास १४,४३८ रेघा पाडणारे यंत्र चालविले, आणि असल्या जाळीपुढे लोलक फिका पडला. परंतु तशी जाळी घरी पाडणे कोणाच्याही आवाक्यातील नव्हते. १९४१ साली कॅलिफोर्नियातील बेकमन यांचा डीयू हा वर्णपटमापक ७२३ डॉलरना विक्रीस आला, आणि जीवनसत्त्वांच्या मोजणीसारखी कामे काही मिनिटांत होऊ लागली. उद्योगांना व रुग्णालयांना ते वरदान ठरले. पण आता उपकरण एका बंद पेटीत गेले, काट्यावर आकडा दिसू लागला, आणि फट, जाळी व रेषा यांचे प्रत्यक्ष दर्शन वापरणाऱ्याला उरले नाही. ज्या देशांत परकीय चलनाची टंचाई होती तेथे अशा वस्तूची आयात म्हणजे अर्ज, मंजुऱ्या आणि प्रतीक्षा. साहजिकच मिळालेली वस्तू जपण्यासाठी कपाटाला कुलूप आले.

हे कुलूप उघडले ते शास्त्रीय उपकरणांच्या बाजारातून नव्हे, तर करमणुकीच्या बाजारातून. १९८२ मध्ये विक्रीस आलेल्या सीडीवरील खोबणी एकमेकींपासून १.६ मायक्रॉनवर असतात, म्हणजे मिलिमीटरमध्ये ६२५. डीव्हीडीवर हे अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरमध्ये सुमारे १,३५०. रोलंडच्या जाळीत मिलिमीटरला ५७० च्या आसपास रेघा होत्या हे ध्यानात घेतले, म्हणजे रद्दीत जाणाऱ्या तबकडीत केवढे धन आहे ते कळते. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळतीचा अनर्थ झाल्यावर किनाऱ्यावरील प्रदूषण नागरिकांनीच मोजावे या हेतूने अमेरिकेत पब्लिक लॅब ही संस्था निघाली, आणि तिने डीव्हीडीच्या तुकड्यावर चालणाऱ्या, घडी घालून करावयाच्या कागदी वर्णपटमापकाचा २०१२ पासून प्रसार केला. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला केंब्रिजमधील प्रवर्तकांनी रास्पबेरी पाय ३५ डॉलरना विक्रीस काढला. संगणकाच्या अंतरंगाशी खेळण्याची मुलांची सवय सुटत चालली, ही त्यांची चिंता त्यामागे होती. २०१३ मध्ये त्याला जोडावयाचा लहान कॅमेरा आला, अवरक्त गाळणी काढलेली त्याची दुसरी आवृत्तीही आली, आणि हायडेलबर्गच्या पेटीतील निरीक्षकाच्या डोळ्याची जागा घेणारे साधन थोडक्या पैशांत हाती लागले.

अशी पेटी बांधण्याची रीत साधी आहे, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. दाढीच्या पात्यांच्या दोन धारा समोरासमोर ठेवून मध्ये कागदाची पट्टी धरावी, पाती चिकटवावीत आणि पट्टी काढून घ्यावी, म्हणजे सुमारे दशांश मिलिमीटरची सारख्या रुंदीची फट मिळते. पेटीच्या आत बिनचकाकीचा काळा कागद लावावा, कारण भिंतींवरून परतलेला प्रकाश रेषा पुसट करतो. कोऱ्या डीव्हीडीचे दोन थर सुरीने अलग करून पारदर्शक थराचा, परिघाजवळचा लहान तुकडा घ्यावा, कारण तेथे खोबणींचा बाक सौम्य असतो. आणि तो अशा रीतीने बसवावा, की खोबणी फटीला समांतर राहतील. हिरवा प्रकाश अशा तुकड्यातून जवळजवळ ४८ अंशांनी वळतो. कॅमेराही साधारण तेवढाच तिरपा बसवावा लागतो. कॅमेऱ्याने उजेड व रंग आपणहून सावरून घेण्याची सोय बंद ठेवावी; अन्यथा दोन चित्रांची तुलना निरर्थक ठरते. मग संगणकाने चित्रातील ओळींची सरासरी काढून आलेख द्यावा.

येथवर जे झाले ते केवळ चित्र होय. त्याचे मोजमाप होण्यासाठी रुजुवात हवी. जुना सीएफएल दिवा फटीसमोर धरला, की त्यातील पाऱ्याच्या ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरच्या रेषा ठसठशीत उमटतात. समजा, चित्रात त्यांच्यामध्ये २२० बिंदूंचे अंतर आहे, तर ११०.३ नॅनोमीटरला २२० बिंदू, म्हणजे बिंदूमागे अर्धा नॅनोमीटर, हे प्रमाण ठरले आणि कोणत्याही अनोळखी रेषेचा पत्ता ढोबळमानाने सांगता आला. यांतली निळी रेषा म्हणजे रामन यांनी वापरलेलीच रेषा होय. मात्र बिंदूमागे अर्धा नॅनोमीटर याचा अर्थ अर्ध्या नॅनोमीटरची अचूकता असा कोणी करू नये. फटीची रुंदी आणि तुकड्याचा ओबडधोबडपणा यांमुळे घरच्या पेटीत प्रत्येक रेषा काही नॅनोमीटर पसरते, आणि म्हणून हेलियमची ५८७.६ ची रेषा सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ च्या जोडीपासून वेगळी काढता येत नाही. १८६८ मध्ये गुंतागुंत होती ती नेमकी येथेच. पिवळ्या रेषेला प्रथम पाहणाऱ्यांना ती सोडियमचीच वाटणे किती स्वाभाविक होते, हे पुस्तक वाचून कळण्यापेक्षा आपल्या पेटीत दोन्ही एकत्र मिसळलेल्या पाहिल्याने चांगले कळते.

म्हणून या स्वस्त उपकरणाला केवळ कुतूहलाची वस्तू करून ठेवू नये, असे मनापासून वाटते. त्याच्या कुवतीत बसणारी आणि आपल्या हवेशी संबंध असलेली कामे आहेत. सीडीचा तुकडा आणि अवरक्त गाळणी नसलेला कॅमेरा घेतला, तर पांढऱ्या कागदावरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशात ७६० नॅनोमीटरजवळ हवेतील ऑक्सिजनची आणि ७२० जवळ बाष्पाची खाच दिसू शकते. सूर्य कलला, की प्रकाशाचा हवेतील मार्ग लांबतो आणि दोन्ही खाचा खोल होतात. बाष्प वाढले, तर बाष्पाचीच खोल होते. दोहोंची तुलना केली म्हणजे मार्गाच्या लांबीचा परिणाम पुष्कळसा वजा होऊन बाष्पाचा कल हाती येतो. जेऊर, पुलगाव, पुणे आणि कोकणचा किनारा येथील महाविद्यालयांनी एकाच बनावटीच्या पेट्या विद्यार्थ्यांकडून बांधवून घ्याव्यात, पाऱ्याच्या रेषांवर त्यांची वेळोवेळी रुजुवात करावी, आणि वैशाखापासून आश्विनापर्यंत आभाळ मोकळे असेल त्या प्रत्येक दिवशी ठरलेल्या वेळी एक वर्णपट घेऊन त्याचे दप्तर एकमेकांना उपलब्ध ठेवावे. मोसमी वाऱ्यांची आगेकूच आणि माघार त्या दप्तरात कितपत उतरते, हे पाहण्यास खर्च थोडा आणि चिकाटी फार लागेल. एका प्राध्यापकाच्या निवृत्तीने पुण्यात खंडित झालेली परंपरा पुन्हा सुरू करावयाची तर ती एका वेधशाळेवर किंवा एका माणसावर अवलंबून राहू नये, अनेक गावांतील अनेक हातांत असावी. आणि तेवढे सामर्थ्य या पुठ्ठ्याच्या पेटीत निश्चित आहे.